बाराव्या मिनिटाला

उजव्या पायाचं तिसरं आणि चौथं बोट. आधी चवड्याला, बोटांच्या बुडाशी, गरम गरम वाटायचं. मग मोज्याला चुणी पडून ती नेमकी तिथंच गोळा झालीय असं वाटायचं. मग मुंग्या. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत ती दोन्ही बोटं नाहीशीच व्हायची. जिममधल्या मशीनवर पाय फिरतोय, घाम येतोय, समोरच्या आरशात मी मला दिसतेय, पण बुटाच्या आत बोटं आहेत की नाहीत ते कळत नाही. खाली उतरून बूट काढला, बोटं हातानं चोळली की पाच-सहा मिनिटांत परत यायची. येताना सुया टोचत यायची.

पहिल्यांदा झालं तेव्हा फेब्रुवारी होता, परभणीत उरूस भरलेला. जिममधून मी भाचीला घेऊन थेट उरुसात जाणार होते. गेले नाही. घरी येऊन दार लावलं, पलंगावर बसले आणि दोन्ही तळवे उलटे करून बघत राहिले.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. वय ५१. पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभं राहण्यात गेली. गेल्या दिवाळीनंतर जिना उतरताना डावा गुडघा दुखायला लागला, एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कूर्चा झिजायला सुरुवात झालीय, वजन थोडं उतरवा, पण डांबरी रस्त्यावर तास-तास चालू नका. तोवर मी रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या आवारात चालायला जायची. सकाळी अर्धं परभणी तिथंच भेटतं. ते सुटलं याचं फार वाईट वाटलं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पोहा, नाहीतर जिममध्ये क्रॉस ट्रेनर असतो तो करा, त्यात गुडघ्याला हादरा बसत नाही. पोहायला मला येत नाही.

वसमत रोडवरच्या एका जिममध्ये दुपारी चार ते सहा लेडीज बॅच असते. तिथला ट्रेनर माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं मशीन दाखवलं तेव्हा मला आनंद झाला, कारण दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, त्यात केप्लरचा पहिला नियम: ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या एका नाभीवर असतो. दरवर्षी फळ्यावर दोन टाचण्या आणि दोरा घेऊन मी ते लंबवर्तुळ काढते. इथं पेडल साधारण त्याच आकारात फिरतं, म्हणून या मशीनला इलिप्टिकलही म्हणतात. पाय पुढं जातो, जरा वर येतो, मागं जातो, खाली जातो, आणि गुडघ्याला काही होत नाही. तीन आठवडे फार छान गेले. पाच मिनिटांवरून वीसवर आले. आणि मग हे.

आता अण्णांचं सांगायला हवं, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. मानवत तालुक्यात आमचं गाव, तिथंच राहतात, वय ७९. त्यांना वीस वर्षांपासून साखर आहे. सहा वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. मोडला ते त्यांना कळलंच नाही. चार-पाच दिवस तो तसाच आत घेऊन ते शेतात हिंडत होते. आईला वास आला तेव्हा तिनं पाय बघितला. करंगळी काळी पडलेली. दवाखान्यात नेईपर्यंत करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही काढावी लागली. मी त्यांना विचारलं होतं, अण्णा, दुखलं कसं नाही? ते म्हणाले, "कव्हा मोडला तेच कळलं न्हाई गं. पायाला मुंग्या तर लई दिवसांच्या येत व्हत्या. कामानं येत असतील म्हणलं."

मुंग्या. हाच शब्द. म्हणून त्या दिवशी मी तळवे बघत बसले होते.

तीन आठवडे कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही. रोज जायची, बाराव्या मिनिटाला पाय जायचा, मी पुढं रेटायची. रेटण्यात काय शहाणपण होतं ते आज मला सांगता येत नाही. वाटायचं, सवय होईल. जिममधल्या बायकांपैकी एकीनं सांगितलं, शीर दबली असेल, करडईच्या तेलानं चोळ. चोळलं. चोळल्यानं बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी बाराव्या मिनिटाला बोटं परत गायब.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा सुरू होती. एका पेपरला सुपरव्हिजन करताना तीन तास वर्गात फेऱ्या मारल्या आणि पायाला काहीसुद्धा झालं नाही. तिथं पहिल्यांदा डोक्यात आलं, की तीन तास उभं राहून, चालून जे होत नाही ते मशीनवर बारा मिनिटांत होतं, म्हणजे यात काहीतरी धागा आहे. त्याच संध्याकाळी यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही फिजिशियनकडे गेलो.

डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मला अजून पाठ आहेत. चालताना पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, असं होतं का? रात्री अंथरुणात तळवे जळतात का? कापसावर चालल्यासारखं वाटतं का? अंधारात तोल जातो का? कंबरेतून पायात कळ येते का? एका पायात की दोन्ही? कोणती बोटं? किती मिनिटांनी? उतरल्यावर किती वेळात जातं? पहिल्या सगळ्यांना मी नाही म्हणाले. शेवटच्या दोन-तीन प्रश्नांना मला धड उत्तर देता येईना. "साधारण", "बहुतेक" असं बोलायला लागले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही विज्ञान शिकवता ना, आठ दिवस लिहून आणा. तोवर रक्त तपासून घेऊ."

रक्ताचं आधी सांगते. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, आली ५.८. ५.७च्या खाली असली की ठीक, ६.५पासून पुढं मधुमेह, आणि मधला पट्टा सावध राहायचा. म्हणजे मी उंबऱ्यावर उभी. थायरॉईड ठीक. बी-१२ मात्र १७२. दोनशेच्या खाली कमीच धरतात. आमच्या घरी मांस-अंडी नाहीत, दूधही मी चहापुरतंच घेते, आणि बी-१२ मिळतं ते मुख्यतः प्राण्यांपासूनच्या अन्नातून. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. बी-१२ कमी असलं तरी नसांना त्रास होतो, मुंग्या येतात. मला वाटलं, सापडलं कारण. पण डॉक्टरांनी तिथंच थांबवलं. साखरेनं किंवा बी-१२नं नसा बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही पायांत सारखंच होतं, बोटांच्या टोकांपासून हळूहळू वर चढतं, आणि ते घड्याळ बघून येत नाही, बूट काढला म्हणून जात नाही. तुमचं येतं-जातं, एकाच पायात, दोनच बोटांत. गोळ्या घ्या, त्या लागणारच आहेत, पण फिजिओथेरपिस्टला पाय दाखवा.

मी शंभर पानी वही केली. तारीख, सुरुवात कोणत्या मिनिटाला, कोणतं बोट, उतरल्यावर किती वेळात गेलं, मशीनची लेव्हल, पायात काय. आठ दिवसांचे आकडे असे: १२, ११, १३, १२, ९, १२, १२, ११. नेहमी उजवा पाय, नेहमी तीच दोन बोटं. नऊ आलं त्या दिवशी धुतलेले मोजे वाळले नव्हते म्हणून मी यांचे जाड मोजे घातले होते. वहीत तसं लिहिलंय, पण लिहिताना त्याचा अर्थ लागला नव्हता.

फिजिओथेरपिस्ट मुलगी लहान होती, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची, पण हात फार जाणता. तिनं मला पालथं-उताणं करून तपासलं. पाय सरळ वर उचलून पाहिला, कंबरेतून येतंय का बघायला. आतल्या घोट्याच्या मागं बोटानं टिचक्या मारल्या, तिथून तळव्याकडं मोठी नस जाते. पायाचा चवडा दोन्ही बाजूंनी दाबला आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे खालून अंगठा रोवला. तिथं मात्र मी ओरडले नाही इतकंच. तीच कळ, तोच गरमपणा. ती म्हणाली, इथून बोटांच्या हाडांच्या फटीतून नस जाते. चवडा आवळला आणि त्यावर वजनही पडलं की नस मधे चेपते. असंच वर्षानुवर्षं चाललं तर नस जाड होऊन गाठीसारखी होते, मग खडा टोचल्यासारखं कायमचं दुखतं. तुमची तिथवर गेलेली नाही.

मग तिनं एक नायलॉनचा तंतू काढला. मासे धरायच्या दोरीसारखा, एका दांडीला लावलेला. बरोबर १० ग्रॅम जोर पडला की तो वाकतो. डोळे मिटा, आणि लागलं की हो म्हणा.

हा तंतू मी आधी पाहिला होता. अण्णांची बोटं काढली त्याच्या आदल्या दिवशी, त्याच चाचणीच्या वेळी मी त्यांच्या उशाशी उभी होते. सिस्टर तळव्यावर एकेक ठिकाणी तंतू टेकवत होत्या, अण्णा डोळे मिटून शांत पडलेले. दहाही ठिकाणं झाली. सिस्टरनी तंतू बाजूला ठेवला. आणि अण्णांनी विचारलं, "कव्हा सुरू करता?"

मी डोळे मिटले. हो. हो. हो. हो. दहाच्या दहा. उजव्या पायाच्या चौथ्या बोटालासुद्धा. मला एकदम भरून आलं, त्या मुलीला वाटलं दुखलं म्हणून. मग तिला सगळं सांगितलं.

पुढच्या वेळी तिनं मशीनवरचा व्हिडिओ मागितला. ट्रेनरनं बाजूनं, पायांजवळ मोबाइल धरून काढून दिला. तिनं तो हळू वेगात लावला आणि मी पहिल्यांदा माझे पाय बघितले. पाय पेडलच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत सरकलेला. टाच अधांतरी. मागं जाताना तर टाच चार बोटं वर. शरीर पुढं झुकलेलं, हातांनी दांड्या घट्ट धरलेल्या. आणि बुटावरूनही कळत होतं की बोटांनी मी तळ पकडून ठेवलाय, ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून धरतो तसा. माझी उंची पाच फुटांना जेमतेम. टेपनं मोजलं तर त्या मशीनचं पाऊल पुढून मागं ५० सेंटीमीटरचं निघालं. उंच माणसासाठी ते बरोबर असेल. मला ते लांब पडत होतं, म्हणून टाच सुटत होती, आणि माझं ६४ किलो वजन त्या चवड्यावर येत होतं.

पण एक गोष्ट तिनं समजावली ती मला सगळ्यात जास्त पटली. रस्त्यावर चालताना दर पावलाला पाय उचलला जातो. तो क्षणभर हवेत असतो, तेवढ्यात दाब सुटतो, रक्त खेळतं, नस मोकळी होते. क्रॉस ट्रेनरवर पाय पेडलवरून उठतच नाही. गुडघ्याला हादरा बसत नाही तो याचमुळं, आणि चवड्याला सुट्टी मिळत नाही तीही याचमुळं. मिनिटाला ५० फेऱ्या धरल्या तर बारा मिनिटांत ६००. रस्त्यावर मी ६०० वेळा पाय उचलला असता. इथं एकदाही नाही.

ती म्हणाली चार-पाच गोष्टी बदलायच्या आहेत. मी म्हटलं, एका वेळी एकच बदलेन, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही. प्रयोगशाळेत पोरांना हेच सांगते.

आधी मशीनवरचं सगळं, ते मिळून एकच धरलं: पाय मागं घेतला, टाच टेकवली, बोटं सैल सोडली. लेव्हल ८वरून ४वर आणली. दांड्यांवर हात नुसते ठेवायचे. सांगायला सोपं आहे. दर दोन मिनिटांनी बोटं आपोआप आवळायची, मग आठवण करून सोडायची. मोजून दहा दिवस लागले. आकडा १२वरून १६वर आला.

मग लेस. बुटाची बोटांकडची पहिली दोन भोकं रिकामी सोडली, लेस तिसऱ्यापासून ओवली. घोट्याशी घट्ट, चवड्यावर सैल. १८.

मग ती जोडव्यांकडं बघून जरा चाचरत म्हणाली, "मॅडम, बूट घालताना ही काढता का?"

माझ्या दोन्ही पायांत दुसऱ्या बोटांत चांदीची जोडवी आहेत. लग्नाला २७ वर्षं झाली, तेव्हापासून आहेत. डाव्या पायातली एकदा झिजली म्हणून बदलली तेवढीच. उजव्या पायातलं तर जाड, तीन वेढ्यांचं. चपलेत त्याचा कधी त्रास नाही, चप्पल पुढं उघडी असते, बोटं पसरतात. बुटात मात्र ते जोडवं शेजारच्या तिसऱ्या बोटाला रेटत होतं, आणि तिसरं चौथ्याला. घरी येऊन मी निरखून बघितलं. तिसऱ्या बोटाच्या आतल्या बाजूला जोडव्याच्या वेढ्यांचे तीन वळ उमटलेले होते. इतके स्वच्छ की मोजता येतील.

काढायचं तर मनाला लागत होतं. यांना विचारलं तर ते म्हणाले, तुझं तू बघ, माझं काही म्हणणं नाही. म्हणणं माझंच होतं. खोबरेल तेल लावून आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खोलीत बसले होते, जोडवं निघेना. त्या बघत होत्या. त्यांना वाटलं बोट सुजलंय. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग काढ की. आमचे बाळंतपणात पाय सुजायचे तव्हा आम्हीबी काढून मंगळसूत्राच्या दोऱ्यात अडकवायचो. पाय उतरले की परत घालायचो." आणि हात पुढं करून, जोडव्याची दोन टोकं नखांनी फाकवून, त्यांनी ते एका झटक्यात काढलं. ८१ वर्षांच्या हातांनी. बोटाला पांढराफटक खोलगट पट्टा राहिला होता, कातडी तिथं बाळाच्या कातडीसारखी मऊ.

आता जिमच्या बॅगेत एक कुंकवाची रिकामी डबी असते, तिच्यात जोडवी. व्यायाम झाला की पाय धुऊन परत घालते. त्या एका बदलानं आकडा १८वरून २३वर गेला. तोवर एवढा फरक दुसऱ्या कशानंही पडला नव्हता.

बूट शेवटी बदलले, कारण ते नवेच होते आणि पैसे वाया जातील असं वाटत होतं. फिजिओनं सांगितलं, संध्याकाळी पाय कागदावर ठेवून, उभं राहून, पेन्सिलीनं कडा गिरवा, मग त्यावर बूट ठेवा. वहीचं जोडपान घेतलं, भाचीनं पेन्सिल फिरवली. मी बूट त्यावर ठेवला आणि दोघी बघतच राहिलो. बुटाच्या दोन्ही बाजूंनी माझा पाय बाहेर दिसत होता. पायाची सगळ्यात रुंद जागा १०.१ सेंटीमीटर, बुटाचा तळ तिथं ९.२. पेन्सिलीची जाडी सोडून दिली तरी अर्ध्या सेंटीमीटरच्या वर पाय रोज आत कोंबला जात होता. जन्मभर चपलेत वावरलेला पाय पुढं पसरतो, आणि बायकांचे म्हणून जे बूट मिळतात ते पुढं निमुळते. लांबीला बरोबर, रुंदीला नाही. जाड मोज्यांच्या दिवशीचं नऊ आता समजलं.

गांधी पार्कातल्या दुकानात संध्याकाळी सातला गेले, पाय दिवसभर वापरून भरलेला असतो तेव्हा. तो कागद पर्समधून काढून काउंटरवर पसरला. दुकानातल्या पोरानं बरेच बूट काढले. प्रत्येकाचा आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभी राहिले. बोटं कडेबाहेर जायला लागली की तो बाजूला. शेवटी जो जमला तो पुरुषांचा सहा नंबर. पोरगा म्हणाला, "मॅडम, हा जेन्ट्सचा आहे." मी म्हटलं, पायाला काय माहीत? अंगठ्यापुढं एक बोट जागा, चवड्याला मोकळा. रंग काळा-निळा आहे, मला आवडतो.

एक चूकही सांगायला हवी. फिजिओनं चवड्याला टेकू म्हणून एक लहान थेंबाच्या आकाराची गादी दिली होती. ती बोटांच्या बुडाच्या मागं लावायची, म्हणजे हाडं जरा फाकतात आणि नस मोकळी होते. मी घाईत ती बरोबर दुखऱ्या जागेखाली लावली. आठव्या मिनिटाला बोटं गेली. दोन दिवस मला वाटलं सगळं मुसळ केरात. तिनं ती बोटभर मागं सरकवून दिली आणि मग ठीक झालं.

मे महिन्यात आकडा परत घसरला. नवे बूट, जोडवी नाहीत, टाच टेकलेली, तरी १९, १७. त्या दिवसांत परभणीचा पारा ४३च्या आसपास होता. जिममध्ये दोन कूलर, ते दमट हवा फेकत होते. दुपारी चारला घरून निघेपर्यंतच पाय चढलेले असायचे, चपलेच्या पट्ट्याचा वळ उठायचा. उष्म्यानं पाय सुजतात आणि व्यायामानं त्यात भर पडते. मालकांना विनंती करून उन्हाळाभर पहाटे साडेपाचला जायला लागले. त्याच आठवड्यात आकडा २६. पाऊस पडल्यावर परत दुपारच्या बॅचला आले.

आता श्रावण सरलाय. मी ३५ मिनिटं करते. सलग नाही, दर दहा मिनिटांनी एकदा खाली उतरते, मिनिटभर तिथल्या तिथं चालते, बोटं बुटात पसरते-आवळते. मधे दोन मिनिटं उलटं फिरवते, त्यानं वजन टाचेकडं जातं. महिन्यातून एखाद्या वेळी तिसाव्या मिनिटाच्या पुढं ती गरम गरम जाणीव येते. आली की उतरते, रेटत नाही. बी-१२ तीन महिन्यांनी ४१० आलं. थकवा कमी झालाय तो त्यानंच असावा. वहीत मात्र स्पष्ट दिसतं, की गोळ्या सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे, पाय मागं घेईपर्यंत, आकडा बारावरून हलला नव्हता.

बॅचमध्ये मी हे सगळं बोलले तेव्हा आणखी दोघी म्हणाल्या, आमचंही होतं. एकीचं लेस सैल केल्यावर चार दिवसांत गेलं. दुसरी, ४४ वर्षांची, म्हणाली, मला दोन्ही पायांना मुंग्या येतात, रात्री जास्त, आणि चप्पल निसटलेली कळत नाही, परवा जिन्यात एक चप्पल राहिली आणि मी तशीच वर गेले. मी तिचा हात धरला. व्यायाम तिथंच थांबवून तिच्या नवऱ्याला फोन लावायला सांगितला. तिची तीन महिन्यांची साखर ९.२ निघाली. वर्षभर ती तळव्यांना करडईचं तेल चोळत होती. आता औषध सुरू आहे, आणि ती रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते, ते मीच तिला शिकवलं.

रविवारी गावाकडं गेले होते. अण्णा ओसरीवर बसलेले. त्यांच्यासाठी दवाखान्यातून एमसीआरची चप्पल करून आणली आहे, मऊ रबराची, ती त्यांनी पायांशी ठेवलेली. मी मोबाइलची बॅटरी लावून त्यांचे तळवे बघायला घेतले, दर खेपेला बघते. त्यांनी विचारलं, "तुझ्या बोटांचं काय म्हणं?"

"आली परत."

"बरं झालं. बघ मंग, मी सांगतो कुठं हात लावायलीस."

त्यांनी डोळे मिटले. मी टाचेला बोट लावलं. "टाच," ते लगेच म्हणाले. घोट्याला लावलं. "घोटा." मग मी अंगठ्याला बोट लावलं आणि धरून ठेवलं. ते डोळे मिटून वाट बघत होते.

मी बोटांच्या फटी कोरड्या फडक्यानं पुसल्या, चपला उलट्या करून झटकल्या. एकीतून ज्वारीच्या धसकटाचा तुकडा पडला.